पेन एक म्हणतं, तळहात भलतंच!

मीटिंग रंगात आलीये, बॉस धडाधड आकडे सांगतोय आणि तुम्ही टॅब्लेटवर झरझर टिपून घेताय. तेवढ्यात पान सर्रकन वर पळतं आणि 125 च्या पोटात एक आगंतुक टिंब उमटतं. झाले की साडेबारा! फरक दहापट, आणि मेल जाणार तुमच्या नावानं.

दोष तुमच्या अक्षराचा नाही, बरं का. एकाच काचेखाली दोन पहारेकरी बसलेत. एक बोट ओळखतो, दुसरा पेन. 2002 साली आलेल्या सुरुवातीच्या विंडोज टॅब्लेट पीसींपैकी बहुतेकांना फक्त पेनच कळायचं, त्यामुळे ही कटकटच नव्हती. पुढे दोघं एका घरात नांदायला लागले आणि भांड्याला भांडं लागलं.

चांगलं पेन काचेच्या जरा वर असतानाच टॅब्लेटला त्याची चाहूल लागते, मग तो तळहाताकडे काणाडोळा करतो. पण आपण आधी हात टेकवतो आणि मग पेन. लोच्या तिथेच होतो! म्हणून माझा पहिला नियम : आधी पेन, मग हात. फुकटातला उपाय, पण भन्नाट चालतो.

दुसरं, सेटिंग्ज. विंडोजच्या ‘पेन अँड विंडोज इंक’मध्ये जाऊन कुठल्या हातानं लिहिता ते सांगा. डावखुऱ्यांनो, हे तुमच्यासाठी खास! तिथेच पेन चालू असताना स्पर्शाकडे दुर्लक्ष करायचा पर्याय दिसला, तर बिनधास्त ऑन करा. आयपॅडवाल्यांनी ‘ॲपल पेन्सिल’मधलं ‘ओन्ली ड्रॉ विथ ॲपल पेन्सिल’ सुरू करावं. मग बोट पान सरकवेल, रेघ मात्र ओढणार नाही.

तरीही छळवाद थांबत नसेल, तर विंडोजवर ब्रह्मास्त्र आहे. डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘एचआयडी-कम्प्लायंट टच स्क्रीन’ डिसेबल करायचं. बोटं गप्प, पेन सहसा चालूच. नंतर तिथूनच परत एनेबल करता येतं. ऑफिसचं मशीन असेल तर त्यासाठी ॲडमिन पासवर्ड लागतो, तेव्हा आयटीवाल्यांना चहा पाजायची तयारी ठेवा.

आणि हो, रबरी टोकाच्या स्वस्त पेनाच्या नादी लागू नका. स्क्रीन त्याला बोटच समजते. ज्याला पेन म्हणून ओळखच नाही, त्याची बाजू टॅब्लेट घेणार तरी कशी?