मारधाडीचा खेळ आणि पोराचा राग

रात्रीची जेवणे आटोपली, गुरांची वैरण झाली. तुम्ही अंथरुणाला पाठ टेकणार, तोच ओसरीवरून गोळीबाराचे आवाज. थोरला मोबाइलवर खेळतो आहे. "बस झालं, झोप आता," म्हणावे, तर तो तुमच्यावरच खेकसतो. मग मनात पाल चुकचुकते, की हे बंदुकीचे खेळ पोराला मारकुटा तर करणार नाहीत ना?

हीच शंका परदेशातल्या जाणकारांनाही आली, आणि त्यांनी ती पारखून पाहिली. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली सांगितले, की अशा खेळांचा ओरडणे, ढकलाढकल करणे यांच्याशी थोडासा संबंध दिसतो. पण गंभीर हिंसेचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. १४-१५ वर्षांच्या सुमारे एक हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास ऑक्सफर्डने २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यात तर तेवढाही संबंध सापडला नाही.

मग पोरगा खेकसतो का? कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठाचा २०११ सालचा एक प्रयोग ऐका. तिथे तरुणांना काही खेळ मारधाडीचे दिले, काही नुसते गाड्यांच्या शर्यतीचे. नंतर, तिखट न आवडणाऱ्या एका माणसासाठी तिखट सॉस करायला सांगितला. मनात राग असेल तो तिखट जास्त घालणार, हा हिशेब. जास्त तिखट कुणी केले? ज्यांचा खेळ चुरशीचा होता त्यांनी, मग त्यात मारामारी असो वा साधी शर्यत.

आपल्याला हे नवे नाही. कबड्डीत शेवटच्या चढाईला पंचाशी हुज्जत घालणारा गडी काही गुंड नसतो. चुरस डोक्यात चढलेली असते. त्यात ऐन रंगात आलेला डाव कुणी मोडला आणि झोपही अपुरी असली, की भडका उडायला वेळ लागत नाही.

तेव्हा फोन हिसकावू नका. 'हा डाव संपला की ठेवायचा,' असे आधीच ठरवा. रात्री फोन तुमच्या उशाशी असू द्या. एकदा शेजारी बसून खेळ पाहाही. रक्तपात लहानग्यांना नकोच. खेळापायी शाळा, जेवण, झोप सुटू लागली आणि महिनोन्‌महिने तेच चालले, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. असा अनावर खेळ जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या यादीत घेतला आहे.

आणि एक गोष्ट. १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बांडुरा यांनी बालवाडीतल्या मुलांसमोर एका मोठ्या माणसाला हवेच्या बाहुल्याला बदडायला लावले. नंतर मुलांपुढे तोच बाहुला ठेवला, तर बऱ्याच जणांनी त्याला तसेच बदडले. म्हणून फोनपायी हात उगारण्याआधी एवढे ध्यानात ठेवा: पोर पडद्याकडे पाहते, तसे तुमच्याकडेही पाहत असते.