मोठ्या कंपनीत पायलट करताय? आधी हे पाच मुद्दे कागदावर आणा

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पायलटबद्दल बोललो. त्यातले मुद्दे इथे सविस्तर देतोय. हे वाचा आणि मगच मीटिंगला जा.

पायलट म्हणजे काय? तुमचं प्रॉडक्ट सगळीकडे लावण्याआधी मोठी कंपनी ते एका लाइनवर किंवा एका गोडाउनमध्ये थोडे दिवस वापरून बघते. इनक्युबेटर, उद्योग संघटना अशी गाठ घालून देतात. पण गाठ पडली म्हणजे ऑर्डर मिळाली असं नसतं.

समजा, भोसरीत तुमचं छोटं युनिट आहे. कॉम्प्रेसरच्या लाइनमधली हवेची गळती शोधणारा सेन्सर तुम्ही बनवता. चाकणच्या कारखान्यातले मेंटेनन्स मॅनेजर म्हणतात, "सध्या फुकट लावा, आवडलं तर मोठी ऑर्डर देऊ." तुम्ही वीस सेन्सर लावता, एक माणूस तिथे ठेवता. सहा महिन्यांनी साहेबांची बदली होते. नवीन साहेबांना यातलं काहीच माहीत नसतं. सेन्सर उत्तम चालले, पण तुमचा माल आणि सहा महिन्यांचा पगार अडकला. कंपनीला ही रक्कम किरकोळ आहे, तुमचं मात्र खेळतं भांडवल गेलं.

म्हणून सुरुवातीलाच हे लिहून घ्या:

1. आकडा: आज गळती किती, आणि किती कमी झाली की पायलट पास? आजची गळती सेन्सर लावण्याआधीच मोजा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. नाहीतर नंतर फरक दाखवणार कशाच्या जोरावर?

2. मुदत: सुरू कधी, संपणार कधी. शेवटच्या रिव्ह्यू मीटिंगची तारीखही आत्ताच ठरवा.

3. निर्णय कोणाचा: वापरणारा एक, बजेट दुसऱ्याकडे आणि पीओ काढणारं परचेस तिसरीकडे. तिघांनाही पहिल्याच ईमेलमध्ये घ्या. व्हेंडर कोडचं काम पायलट चालू असतानाच सुरू करा.

4. पैसे: निदान खर्च निघेल इतके तरी मागा. यात संकोच कसला? बीएमडब्ल्यूने 2015 मध्ये स्टार्टअप गॅरेज सुरू केलं. तिथे कंपनी स्टार्टअपमध्ये हिस्सा न मागता ग्राहक म्हणून प्रॉडक्ट विकत घेऊन वापरून बघते. आपल्याकडे महाराष्ट्र स्टार्टअप वीकमध्येही निवडलेल्या 24 स्टार्टअपना सरकारी विभागात पायलट करायला वर्क ऑर्डर देण्याची योजना आहे.

5. नंतर काय: पास झालं तर किती नग, काय भावाने? नापास झालं तर सेन्सर परत कोण आणणार? जमलेला डेटा कोणाचा?

पैसे घेण्याचं आणखी एक कारण आहे. तुमचा उद्योग सूक्ष्म किंवा लघु असेल, तर पायलटआधीच उद्यम नोंदणी करून घ्या. ती मोफत आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यानुसार माल किंवा सेवा स्वीकारल्यावर खरेदीदाराने 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात, करारात जास्त मुदत लिहिली असली तरी. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. पण फुकट पायलटला बिलच नाही, मग हा कायदा तुमच्या काय कामाचा?

साहेब पैशाला नाहीच म्हणाले तर भांडू नका, काम लहान करा. सरळ सांगा, "साहेब, वीसऐवजी चार सेन्सर लावतो, चार आठवडे. आकडा आला की उरलेल्यांची पीओ द्या. एवढं ईमेलवर टाकाल का?" ज्यांना खरंच गरज आहे, ते टाकतात. ईमेलही येत नसेल, तर तुमचे सेन्सर दुसऱ्या कारखान्यासाठी मोकळे ठेवा.

तुमच्या पुढच्या मीटिंगआधी हे पाच मुद्दे एका पानावर लिहून काढा. भेटू पुढच्या व्हिडिओत!