साडेतीन हजार मीटरवरचा निळा गळा

जास्वंदीवर घुटमळणाऱ्या शिंजिराचा फोटो काढून ‘आमच्याकडे हमिंगबर्ड आला’ असं हौसेनं कळवणारी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत. त्यांचा आनंद हिरावून घेऊ नये; पण हमिंगबर्ड अमेरिका खंडांच्या बाहेर कुठेच नाहीत. आणि तिथेही ते सगळेच काही उबदार रानात राहत नाहीत.

इक्वाडोरच्या नैऋत्येला, एल ओरो आणि लोहा प्रांतांच्या सीमेवर, सेरो दे आर्कोस नावाचा खडकाळ डोंगर आहे. एप्रिल २०१७ मध्ये फ्रान्सिस्को सोर्नोसा या पक्षीअभ्यासकाला तिथे कुठल्याच ओळखीत न बसणारा एक हमिंगबर्ड दिसला. त्यांनी काढलेले फोटो पाहून सहकारीही चक्रावले आणि सगळे पुन्हा वर गेले. २०१८ साली ‘द ऑक’ या नियतकालिकात नव्या प्रजातीची रीतसर नोंद झाली: ओरिओट्रोकिलस सायानोलीमस. नराचा गळा गर्द निळा, पोट पांढरं, दोहोंच्या मधे काळी रेघ. मादी अगदीच साधी, फिकट हिरवी. उघड्यावर वावरणारा असा झळझळीत पक्षी इतकी वर्षं कुणाच्या नजरेत भरला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

त्याचा मुक्काम ३,३०० ते ३,७०० मीटर उंचीवर. झाडांची हद्द संपल्यावर लागणाऱ्या या ओल्या गवताळ माळांना तिकडे ‘पारामो’ म्हणतात. इथली हवा विरळ. हवेत एका जागी तरंगत मध पिण्याचा हमिंगबर्डचा शिरस्ता इथे महागात पडतो, कारण पंख जास्त मारावे लागतात आणि प्राणवायू मात्र कमी. त्यावर ओरिओट्रोकिलस गटातल्या पक्ष्यांनी सोपा तोडगा काढलाय. ते सरळ झुडपावर बसतात. मजबूत पायांनी फांदी पकडायची, मान वाकवायची आणि चोच फुलात घालायची. झुडूप बहुतेक वेळा चुकिराग्वाचं असतं. टोकदार, ताठर पानांच्या दाटीतून वर आलेली त्याची नारिंगी फुलं म्हणजे या पक्ष्याचं मुख्य अन्न.

रात्रीचा प्रश्न वेगळा. दिवसभर जमवलेली ऊर्जा थंडीत शरीर गरम ठेवण्यातच संपून जाईल, म्हणून अँडीजमधले हमिंगबर्ड रात्री ग्लानीत जातात. हृदयाचे ठोके मंदावतात, अंग गार पडतं. पेरूमधल्या एका जातीचं शरीर ३.३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरल्याचं संशोधकांनी २०२० साली नोंदवलं. सकाळी तोच पक्षी थरथरत स्नायू तापवतो आणि उडून जातो!

थोडक्यात, उंचीनं समोर टाकलेली प्रत्येक अडचण या पक्ष्यानं पचवलीय. त्याला पुरून उरते ती काडेपेटी. गुरांसाठी कोवळं गवत यावं म्हणून पारामो पेटवून देतात. आपल्या डोंगरांवर वणवे लावण्यामागेही अनेकदा हाच हिशेब असतो. गवत पुन्हा उगवतं, पण चुकिराग्वाला सावरायला वेळ लागतो, आणि तोवर पक्ष्यानं खायचं काय? दुसरीकडे जायची सोयही नाही. उत्तरेला हुबोनेस नदीचं खोल, कोरडं खोरं आडवं पडलंय. एकूण अधिवास जेमतेम शंभर चौरस किलोमीटरचा, पक्षी फार तर साडेसातशे, कदाचित पाचशेही नसतील. म्हणून त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्रजातींत होते.

होकोतोको प्रतिष्ठानानं सेरो दे आर्कोसला राखीव क्षेत्र उभारलं, हे चांगलंच झालं. पण आग कुंपण बघून थांबत नाही. शिवाय याच रांगेतल्या फिएरो उर्कु भागात सोन्याच्या खाणींसाठी परवाने दिले गेलेत. तिथला पारामो पावसाचं आणि धुक्याचं पाणी धरून ठेवतो. दक्षिण इक्वाडोरमधल्या अनेक नद्यांचा उगम तिथलाच, त्यामुळे स्थानिक लोक खाणींविरुद्ध उभे राहिलेत. त्यांच्या घोषणा पाण्यासाठी आहेत, पाखरासाठी नाहीत. तरीही या निळ्या गळ्याच्या बाबतीत मला आम्हा पक्षीवेड्यांपेक्षा त्यांचाच भरवसा जास्त वाटतो.