दूध तुटते तेव्हा

डुकराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगांशी लढणारी प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. माणसाच्या गर्भाला ती वारेतून मिळतात. डुकरिणीची वार मात्र त्यांना वाट देत नाही. त्यामुळे पिल्लाची सारी भिस्त आईच्या पहिल्या दुधावर, म्हणजे चिकावर असते. (वासराचेही असेच आहे. म्हणून खरवसाआधी वासराचे पोट भरले पाहिजे.) जन्मानंतर सुमारे दीड दिवसात प्रतिपिंडांचे मोठे रेणू जसेच्या तसे शोषून घेण्याची आतड्याची क्षमता संपते. तोवर चीक मिळाला नाही, तर ती उणीव पुढे भरून निघत नाही.

याच काळात पिल्लाच्या आतड्यात जीवाणूंची वस्तीही सुरू होते. हे जीवाणू येतात आईच्या जननमार्गातून, आचळांवरून आणि बरेचसे तिच्या शेणातून. पुढचे काही आठवडे अन्न एकच, दूध. म्हणून दुधातील साखरेवर जगणारे लॅक्टोबॅसिलस गटाचे जीवाणू तेथे जोर धरतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात. पिल्लाच्या जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल अजून पुरेसे स्रवत नसल्याने या उसन्या आम्लाचे मोल मोठे असते. घरी विरजण लावताना आपण हेच करतो. कोमट दुधात चमचाभर दही घातले की त्यातील जीवाणू भराभर वाढतात, दूध आंबट होते आणि नासवणाऱ्या जीवाणूंना तेथे थारा मिळत नाही. दोन वाट्यांत उकळून कोमट केलेले दूध घेऊन, एकीला विरजण लावून आणि दुसरी तशीच उघडी ठेवून, दर दोन तासांनी लिटमस कागदाने तपासले, तर वर्गात हा फरक दाखवता येईल.

पिल्लाच्या पोटातले हे विरजण एके दिवशी अचानक तुटते. मोकळ्या रानात आई पिल्लांचे दूध हळूहळू, तीन-चार महिन्यांत तोडते. आधुनिक वराहपालनात मात्र ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच तोडले जाते. एकाच दिवशी आई जाते, ओळखीचा गोठा जातो, अनोळखी भावंडांशी मारामाऱ्या होतात आणि पुढ्यात कोरडे धान्य येते. कित्येक पिल्ले पहिला दिवसभर काहीच खात नाहीत. लहान आतड्याच्या आतल्या बाजूस अन्न शोषणारे बोटांसारखे सूक्ष्म रसांकुर असतात. उपाशी आतड्यात त्यांची उंची चार-पाच दिवसांत निम्म्यावर येऊ शकते. मग पिल्लू भुकेने एकदम खूप खाते. न पचलेली प्रथिने आतड्यात पुढे सरकतात, आम्लता घटलेली असते, आणि ई. कोलायच्या रोगकारक जातींना मोकळे रान मिळते. या जाती बारीक तंतूंनी आतड्याच्या पेशींना चिकटतात आणि विष सोडतात. पेशी क्षार आणि पाणी आतड्यात ओतू लागतात. पटकीच्या जंतूचे विषही असेच काम करते. हगवणीने पिल्लू दोन-तीन दिवसांत दगावू शकते.

यावर जगाने बरीच वर्षे सोपा उपाय केला. प्रतिजैविकांची अल्प मात्रा खाद्यात मिसळली की जनावरे लवकर वाढतात, हे अमेरिकेत १९५० च्या सुमारास दिसून आले आणि ती प्रथाच पडली. पण अल्प मात्रेत रोज दिलेले औषध म्हणजे जीवाणूंना प्रतिकाराचा सराव. स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर बंदी घातली. डेन्मार्कमध्ये पिल्लांच्या खाद्यातून ती १९९९ अखेर गेली आणि २००६ पासून सर्व युरोपीय संघात बंद झाली. त्यानंतर डेन्मार्कमध्ये काही काळ पिल्लांच्या हगवणीवरील उपचारासाठी अधिक औषधे द्यावी लागली, हेही नोंदलेले आहे. दुसरा आधार होता झिंक ऑक्साइडचा. त्याने हगवण खरोखर कमी होते, परंतु खाद्याच्या दर टनात अडीच किलो जस्त जाते. गरजेच्या वीस-पंचवीस पट! ते शेणातून शेतात उतरते आणि साचते. जून २०२२ पासून युरोपीय संघात तेही बंद झाले. इकडे २०१५ मध्ये चीनमध्ये डुकरांतील, मांसातील आणि रुग्णांतील ई. कोलायमध्ये कोलिस्टिनला दाद न देणारे, एका जीवाणूतून दुसऱ्यात सहज जाणारे जनुक सापडले. कोलिस्टिन हे माणसाच्या इस्पितळातले जवळजवळ शेवटचे हत्यार. भारतानेही २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला.

आता प्रोबायोटिककडे, म्हणजे पुरेशा मात्रेत दिल्यास यजमानाला लाभ देणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांकडे, सर्वांचे लक्ष लागले आहे. डुकरांच्या खाद्यात लॅक्टोबॅसिलस, एंटेरोकॉकस, यीस्ट आणि बॅसिलस सबटिलिससारखे जीवाणू वापरतात. खाद्याच्या गोळ्या तापवून करतात; त्या उष्णतेत लॅक्टोबॅसिलस मरतात, पण बॅसिलसचे कवचबंद बीजाणू तगतात. तेवढ्यासाठीच कारखानदारांना ते अधिक आवडतात, असा आम्हांला संशय आहे.

गुण येतो का? एका गोठ्यात येतो, शेजारच्यात येत नाही. आम्हा संशोधकांना हे नवल वाटत नाही. काही पिल्लांच्या आतड्यात ई. कोलायच्या एका मुख्य जातीला धरण्याजोगी जागाच आनुवंशिकतेने नसते. ती पिल्ले त्या जातीपुरती आपोआप सुरक्षित असतात आणि प्रयोगात औषधाला फुकटचे श्रेय मिळते. शिवाय अमुक जातीचा जीवाणू उपयुक्त ठरला, म्हणून त्याच कुळातला दुसराही ठरेल असे नसते. पाकिटावर नुसते ‘लॅक्टोबॅसिलस’ छापणे म्हणजे पत्त्यावर नुसते ‘पुणे’ लिहिणे.

वेळही महत्त्वाची. हगवण लागल्यावर दिलेला जीवाणू भरलेल्या एस. टी.त शिरू पाहणाऱ्या प्रवाशासारखा असतो. त्याला जागा आधीच धरावी लागते. म्हणून काही ठिकाणी प्रोबायोटिक पिल्लांऐवजी विण्यापूर्वीच आईला देतात, म्हणजे तिच्या शेणातून ते पहिल्याच दिवसांत पिल्लांपर्यंत पोहोचते. त्याच्या जोडीला दूध आठवडाभर उशिरा तोडतात, खाद्यातील प्रथिने कमी करतात आणि आईजवळ असतानाच पिल्लांना थोडे थोडे धान्य चाखायला ठेवतात.