भोर-वेल्ह्याचा चढ व हालचालीचें माप

मूल दिवसभर हुंदडतें, असें आपण सहज म्हणतों. पण तें मोजावें कसें? आईबापांस विचारावें, तर उत्तर मायेनें फुगलेलें मिळतें. तीन-चार वर्षांच्या मुलांनीं रोज १८० मिनिटें हालचाल करावी, पैकीं ६० मिनिटें तरी जोमाची असावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें. मोजणीसाठीं कमरेस लहानसें यंत्र बांधतात; तें शरीराला बसणारे हिसके टिपतें. मुलांची धाव कांहीं सेकंदांचीच. मिनिटाच्या सरासरींत ती बुडून जाते, म्हणून नोंद पंधरा सेकंदांची किंवा त्याहून लहान हवी. भोर-वेल्ह्याकडे अडचण याहून मोठी. तोरण्याच्या पायथ्याशीं चढण चढणारें पोर सावकाश पावलें टाकतें. श्रम अधिक, हिसके मात्र सपाटीवरच्याइतकेच! तेव्हां अशा मुलुखांत घड्याळ घेऊन पाहणारा माणूसहि बरोबर असावा. चढण, डोक्यावरची लहानशी कळशी, झाडावर चढणें, हें त्यानें निराळें लिहावें.