देशी वनस्पतींद्वारे परिसंस्था-पुनःस्थापन

देशी वनस्पतींद्वारे परिसंस्था-पुनःस्थापन : खाणकाम, अतिचराई, वृक्षतोड, बांधकाम किंवा परदेशी वनस्पतींचा प्रादुर्भाव यांमुळे बिघडलेल्या भूमीवर तेथील मूळच्या वनस्पतींचा समुदाय पुन्हा प्रस्थापित करण्याची क्रिया. उद्याने, संस्थांची आवारे, टेकड्या, रस्त्यांच्या कडा इत्यादींच्या भूदृश्य-रचनेतही याच तत्त्वाचा उपयोग करतात. वनीकरण व पुनःस्थापन या दोन संज्ञा व्यवहारात एकमेकींच्या जागी वापरल्या जातात; परंतु त्यांत मूलभूत फरक आहे. वनीकरणाचे यश जगलेल्या रोपांच्या संख्येवरून मोजतात. पुनःस्थापनात मात्र झाडे, झुडपे, वेली व गवते, त्यांच्यावर जगणारे कीटक व पक्षी आणि मातीतील कवके यांचे परस्परसंबंध पुन्हा जुळून आले की नाहीत, हे पाहावे लागते. त्यामुळे काही ठिकाणी हे काम झाडे लावण्याचे नसून काढण्याचे असते, तर काही ठिकाणी एकही झाड न लावणे हेच योग्य ठरते.

‘देशी’ ही संज्ञा राजकीय सीमांवरून ठरत नाही. मारवाडच्या वाळूत वाढणारा रोहिडा भारतीय असला, तरी कोकणच्या पावसात तो परकाच होय. तसेच कोकणातील सुरंगी सोलापूरच्या माळावर देशी ठरत नाही. हवामान, खडक, मातीची खोली व पाण्याचा निचरा यांना अनुसरून एखाद्या स्थळी दीर्घ काळ स्वाभाविकपणे वाढत आलेली वनस्पती ही त्या स्थळाची देशी वनस्पती होय. उलटपक्षी, परकी वनस्पती म्हणजे उपद्रवी वनस्पती, असेही समीकरण मांडता येत नाही. काजू ब्राझीलमधून, गुलमोहर मादागास्करमधून आणि चिंच आफ्रिकेतून आली. पण चिंचेने येथील कोणत्याही रानाचा ताबा घेतलेला नाही. वेडी बाभूळ (लॅ. प्रोसोपिस जूलिफ्लोरा), घाणेरी, रानमोडी व गाजरगवत यांची गोष्ट वेगळी आहे. माणसाने मुद्दाम न लावताही त्या पसरतात व इतर वनस्पतींना हटवितात.

देशी वनस्पतींचा आग्रह भावनेपोटी धरला जातो, अशी समजूत आढळते. तिला फारसा आधार नाही. पुष्कळ कीटकांच्या अळ्या ठरावीक कुलांतील वनस्पतींचीच पाने खाऊ शकतात, उदा., कॉमन रोझ या फुलपाखराच्या अळ्या ईश्वरी वेलीच्या कुलातील वनस्पतींवरच वाढतात. वड, पिंपळ व उंबर यांपैकी प्रत्येकाचे परागण सामान्यतः त्या त्या वृक्षाच्या विशिष्ट सूक्ष्म कीटकाकडून होते. अळ्या नसतील, तर पिलांना अळ्या भरविणारे पक्षी तेथे घरटी करीत नाहीत. एकाच परकी जातीची दाट लागवड दुरून हिरवीगार दिसते, पण तिच्यात या साखळीतील बहुतेक दुवे नसतात.

इतिहास : विल्यम रॉबिन्सन यांनी १८७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द वाइल्ड गार्डन’ या ग्रंथाने इंग्‍लंडमधील आखीवरेखीव वाफ्यांच्या बागांना पर्याय सुचविला, मात्र देशी-परकी हा भेद त्यांनी केला नव्हता. जन्माने डॅनिश असलेले येन्स येन्सेन (१८६०–१९५१) यांनी शिकागो येथील युनियन पार्कमध्ये १८८८ मध्ये स्थानिक रानफुलांची ‘अमेरिकन बाग’ तयार केली. तरीही परिस्थितिविज्ञानाच्या पायावरील पहिला मोठा प्रयत्न विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील वृक्षोद्यानात झाला, असे मानतात. १९३४ मध्ये या उद्यानाच्या उद्‌घाटनप्रसंगी आल्डो लिओपोल्ड यांनी, जगभरातील झाडांचा संग्रह करण्याऐवजी गोरे वसाहतवाले येण्यापूर्वीच्या विस्कॉन्सिनचा नमुना उभा करावा, अशी कल्पना मांडली. जुनी शेती व कुरण असलेल्या जमिनीवर १९३५ पासून उंच गवताची प्रेअरी लावण्यात आली. मंदीच्या काळात बेकार झालेल्या तरुणांच्या सरकारी पथकांनी हे श्रम केले.

रोपे जगली, पण यूरोपातून आलेले कुरणी गवत हटेना. तेव्हा जॉन कर्टिस व त्यांचे सहकारी यांनी नियंत्रित आगीचे प्रयोग केले. वणव्याने परके गवत मागे पडते आणि खोल मुळांची प्रेअरीतील गवते जोमाने फुटतात, असे त्यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले. आग ही वनस्पतींची शत्रू असे मानणाऱ्या तत्कालीन वनखात्यांना हा निष्कर्ष पचणे सोपे नव्हते. आज कर्टिस यांच्याच नावाने ओळखली जाणारी ही सु. ३० हेक्टरांची प्रेअरी पुनःस्थापित प्रेअरींमध्ये सर्वांत जुनी गणली जाते. अर्थात तीही कायमची सुरक्षित झालेली नाही. आसपासच्या शहरी वस्तीतून वाहून येणाऱ्या पावसाच्या पाण्याबरोबर गाळ व पोषक द्रव्ये आली आणि तिच्या ओलसर भागात दुसऱ्याच उपद्रवी गवताने शिरकाव केला. १९८८ मध्ये या विषयाला वाहिलेली आंतरराष्ट्रीय संस्था अमेरिकेत स्थापन झाली आणि संयुक्त राष्ट्रांनी २०२१–३० हे दशक परिसंस्था-पुनःस्थापनाचे म्हणून घोषित केले.

जोधपूर येथील प्रयोग : भारतातील अशा कामाचे सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्याच्या पायथ्याशी असलेले राव जोधा मरुस्थल शैलोद्यान. सु. ७० हेक्टरांच्या या भूभागावरील खडक प्रामुख्याने रायोलाइट या कठीण ज्वालामुखी प्रकारचा, कोट्यवधी वर्षांचा जुना असून त्यावर माती जवळजवळ नाहीच. पाऊस वर्षाला सरासरी ३५ ते ४० सेंमी. पडतो व तोही बेभरवशाचा. मूळची मेक्सिको व दक्षिण अमेरिकेतील वेडी बाभूळ जोधपूर संस्थानात १९३० नंतरच्या दशकात बी फेकून पसरविण्यात आली. ओसाड दिसणारा मुलूख हिरवा व्हावा व लोकांना सरपण मिळावे, हा हेतू चांगलाच होता. ते हेतू साधलेही. परंतु या झाडाने खडकांच्या भेगा व्यापल्या आणि त्यांत शतकानुशतके वाढत आलेल्या वनस्पती नाहीशा होत गेल्या. मारवाडात हे झाड ‘बावळिया’ या नावाने ओळखतात.

मेहरानगढ संग्रहालय न्यासाच्या पुढाकाराने २००६ मध्ये काम सुरू झाले. त्याचे मार्गदर्शन वृक्षांचे अभ्यासक व लेखक प्रदीप क्रिशन यांनी केले. वेडी बाभूळ नुसती तोडून मरत नाही. जमिनीखालच्या बुंध्यावरील कळ्यांतून ती अधिक दाट फुटते. तेव्हा खडकात सु. ४५ सेंमी. खोल जाऊन तो भाग काढणे अपरिहार्य होते. यंत्रांनी हे नीट साधेना. अखेर परंपरेने दगडाच्या खाणींत राबणाऱ्या खांडवालिया कारागिरांनी हे काम केले. हातोडीच्या ठोक्याचा आवाज ऐकून खडक कोठे व कसा फुटेल हे त्यांना कळते. छिन्नी-हातोडीने त्यांनी एकेक मूळ उकरून काढले. त्यातून तयार झालेले खड्डे हेच नव्या रोपांचे आळे बनले. परकी झाडाने शोधून काढलेली भेग देशी रोपाच्या मुळांनाही सोयीची असते, हे या पद्धतीतील मर्म होय.

कोणती झाडे लावावयाची, हे रोपवाटिकांच्या यादीवरून ठरविण्यात आले नाही. थरच्या वाळवंटातील तशाच खडकाळ जागा हिंडून पाहण्यात आल्या आणि तेथे आपोआप काय वाढते याची नोंद करून बी गोळा करण्यात आले. थोर, कुमटा, कैर, बोर, पिलू यांसारख्या काष्ठीय वनस्पतींबरोबरच पावसाळ्यात दोन-तीन महिनेच दिसणाऱ्या वर्षायू वनस्पती व गवते यांनाही महत्त्व देण्यात आले. उन्हाळ्यात हे उद्यान करडे व निष्पर्ण दिसते. सतत हिरवळीची अपेक्षा करणाऱ्या प्रेक्षकास ते रुक्ष वाटण्याचा संभव आहे. तथापि मरुभूमीचे तेच खरे रूप होय. उद्यान २०११ मध्ये लोकांसाठी खुले झाले.

महाराष्ट्र व गोवा : महाराष्ट्रातील प्रश्न जोधपूरपेक्षा गुंतागुंतीचा आहे, कारण राज्यात समुद्रकाठच्या तिवरांपासून विदर्भातील सागवनांपर्यंत अनेक प्रकारचे वनस्पतिसमुदाय आढळतात आणि त्यांना एकच उपाय लागू पडत नाही. सामाजिक वनीकरणाच्या काळात, विशेषतः १९८० नंतर, दख्खनच्या उघड्या टेकड्यांवर गिरिपुष्प (उंदीरमारी, लॅ. ग्लिरिसिडिया सेपियम) या मध्य अमेरिकी झाडाची मोठी लागवड झाली. मुरमाड जमिनीत ते तग धरते, फांदी खोचून लागते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. भाताच्या खाचरात हिरवळीचे खत म्हणून त्याचा उपयोग निर्विवाद आहे. पुण्याच्या टेकड्यांवर मात्र त्याच्या दाट सावलीत मूळची गवते व झुडपे खुरटली. कोकण व गोव्यात हीच भूमिका ऑस्ट्रेलियन अकेशियाने बजावली. गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींतील टाकाऊ मातीचे ढीग स्थिर करण्यासाठी ते सर्रास लावले गेले. माती धरून ठेवण्याचे काम त्याने केले. पण ते लावणे हा पुनःस्थापनाचा आरंभ मानावयाचा, की शेवट, हा खरा प्रश्न आहे. व्यवहारात ते बहुधा शेवटच ठरले.

अशी लागवड एका हंगामात सरसकट तोडणे इष्ट नसते. उघडी पडलेली जमीन पहिल्याच पावसात धुपते आणि मोकळ्या जागेत घाणेरी व रानमोडी शिरतात. म्हणून पट्ट्यापट्ट्यांनी विरळणी करून त्या सावलीत उगवून आलेली स्थानिक रोपे राखणे व उरलेल्या जागी नवीन रोपे लावणे, असा क्रम ठेवतात. तमिळनाडूतील अन्नमलई डोंगरांत चहा-कॉफीच्या मळ्यांमध्ये उरलेल्या वर्षावनाच्या तुकड्यांवरही घाणेरी हाताने काढून, आपोआप आलेली रोपे जपून व शंभराहून अधिक स्थानिक जातींची रोपे लावून असेच काम चालू आहे.

दख्खनच्या माळरानांची हानी मात्र झाडे न लावल्याने नव्हे, तर लावल्याने झाली आहे. कमी पावसाच्या पूर्व भागातील विरळ झाडांचे गवताळ माळ हे तुटलेल्या जंगलाचे अवशेष होत, अशी समजूत ब्रिटिश काळापासून रूढ होती व त्यामुळे महसुली दप्तरांत अशा जमिनी ‘पडीक’ म्हणून नोंदल्या गेल्या. तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्‌मयातील व लोकपरंपरेतील वनस्पतींचे उल्लेख तपासून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने ही समजूत खोडून काढली आहे. काटेरी झाडे, झुडपे व गवत यांचे मोकळे माळ त्या काळीही होतेच. माळढोक, काळवीट व लांडगा यांचे जीवन या माळांवर अवलंबून आहे, तसेच धनगरांच्या मेंढ्यांची चराईही. अशा माळावर समतल चर खणून दाट झाडे लावली, की उथळ मातीतील कंदवर्गीय वनस्पती उखडल्या जातात, गवत सावलीने मरते आणि मेंढपाळाला वाट बंद होते. येथे पुनःस्थापन म्हणजे झाडोरा काढणे, चराई आळीपाळीने ठेवणे व मारवेल, पवना, डोंगरी यांसारख्या गवतांचे बी टाकणे होय. कुसळी गवताला तर पेरणाऱ्याचीही फारशी गरज नसते. त्याचे कुसळ ओल लागताच पीळ उलगडून बी मातीत रुतविते. सह्याद्रीच्या व कोकणच्या कातळसड्यांना हेच लागू पडते. कास पठारासारख्या ठिकाणी मातीचा थर काही सेंटिमीटरच असतो आणि पावसाळी फुलांचे वैभव त्या उथळपणावरच उभे असते. तेथे वृक्षारोपणासाठी घेतलेला प्रत्येक खड्डा हे नुकसानच होय.

बी व रोपवाटिका : संदर्भासाठी जवळच चांगल्या स्थितीतील नैसर्गिक भाग असणे, हे या कामाचे मोठे भांडवल. महाराष्ट्रात देवरायांनी ही सोय जपून ठेवली आहे, वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. मात्र एकाच झाडाखालचे सर्व बी न उचलता अनेक झाडांचे थोडथोडे घ्यावे लागते. नाहीतर पुढील पिढी आनुवंशिक दृष्ट्या एकसुरी होते आणि देवराईतील नैसर्गिक पुनरुत्पत्तीही खुंटते. जांभूळ व सदाहरित वनांतील बहुतेक वृक्ष यांचे बी वाळविले की मरते, म्हणून ते थोड्या दिवसांतच पेरावे लागते. हिरडा व बेहडा यांच्या कठीण कवचांवर आधी प्रक्रिया करावी लागते. कोरड्या डोंगरउतारावरील सर्वांत महत्त्वाच्या वृक्षांपैकी एक असलेल्या धावड्याचे बहुतेक बी पोकळ निघते. रोपवाटिका अशा जातींच्या वाट्याला जात नाहीत आणि म्हणून वृक्षारोपणाच्या याद्यांत धावडा क्वचितच दिसतो. तोडलेल्या धावड्याच्या बुंध्यातून मात्र फुटवे येतात. जेथे असे बुंधे शिल्लक आहेत, तेथे काही वर्षे वणवा व चराई रोखल्यास लागवडीवाचूनही धावड्याचे रान उभे राहते.