उच्च शिक्षणाची तजवीज आणि मुदतीचा हिशेब

अपत्याच्या उच्च शिक्षणासाठी पैसा साठवू पाहणारे मातापिता पोस्टाच्या वा बँकेच्या खिडकीशी प्रथम व्याजाच्या दराचीच चौकशी करतात; वस्तुतः ज्या वर्षी शुल्क भरावयाचे, त्याच वर्षी रक्कम हाती येईल काय, हा प्रश्न त्याहून अधिक महत्त्वाचा आहे.

२०१५ साली सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेचेच पाहावे. मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत हे खाते उघडता येते, भरणा पंधरा वर्षे करावयाचा असतो; पण एकवीस वर्षांची मुदत मात्र मुलीच्या जन्मापासून नव्हे, खाते उघडल्याच्या तारखेपासून मोजली जात असल्यामुळे, नवव्या वर्षी उघडलेले खाते ती तीस वर्षांची झाल्यावर परिपक्व होते. दहावी उत्तीर्ण झाल्यावर अथवा अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी रक्कम काढण्याची मुभा आहे खरी, परंतु ती मागील आर्थिक वर्षअखेरच्या शिलकेच्या निम्म्यापर्यंत, आणि तीही शुल्क व प्रवेशसमयीचे आकार यांच्या मर्यादेतच.

सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची मुदत पंधरा वर्षांची. अपत्य दोन-तीन वर्षांचे असताना आरंभ केल्यास बारावीच्या सुमारास ती संपते. महिन्याच्या ५ तारखेनंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही, म्हणून वर्षाचा भरणा एप्रिलच्या आरंभीच करणे श्रेयस्कर. दरसाल २४,००० रुपये याप्रमाणे ३,६०,००० भरले आणि ७.१ टक्के दर कायम राहिला, तर अखेरीस सुमारे साडेसहा लाख होतात. मात्र शुल्क दरसाल ८ टक्क्यांनी वाढत गेले तर ते नऊ वर्षांत दुप्पट आणि अठरा वर्षांत चौपट होते. म्हणूनच ज्यांच्या हाती दीर्घ काळ आहे त्यांनी काही हिस्सा म्युच्युअल फंडामार्फत समभागांत गुंतवावा, आणि प्रवेशाला तीन वर्षे उरताच तो क्रमाक्रमाने मुदत ठेवीत आणावा, असे मला निश्चयाने वाटते.

महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले, ही गोष्ट अत्यंत स्वागतार्ह होय. तथापि खोलीचे भाडे, खाणावळ आणि पुस्तके यांचा भार कुटुंबावरच राहतो, व त्यासाठी सुकन्येचे खाते फारसे उपयोगी पडत नाही. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते. मुलगी आठवीत जाताच ती सुरू केली, तर बारावीच्या परीक्षेनंतर, परगावी जाण्याच्या वेळी, ती रक्कम मोकळी होते.